छोट्या डब्यातला बेस: रुई, लोकर की ॲक्टिव्हेटेड कार्बन?

पार्कचौक_ऑडिओ

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं लै दिवसांपासून डोक्यात होतं. आपल्या सोलापुरात घरी स्पीकर बनवणारी पोरं आता बरीच झालीत, चार इंची वूफर (बेस काढणारा स्पीकर) आणायचा, एमडीएफ नाहीतर प्लायचा डबा ठोकायचा, ब्लूटूथचा ॲम्प्लिफायर बोर्ड बसवायचा आणि मग सगळ्यांची तक्रार एकच, आवाज साफ आहे पण बेस नाही. मग कुणी सांगतं कापूस भर, कुणी सांगतं उशीतला रेक्रॉन भर, आणि आता नवीन ऐकायला येतंय की कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, भर. ह्यातलं खरंच काय चालतं आणि किती चालतं हे मराठीत एका जागी कुठं दिसलं नाही म्हणून जे वाचलं आणि जे स्वतःच्या डब्यात मोजलं ते सगळं लिहितो.

आधी मूळ दुखणं काय ते. बंद डब्यात कोन (वूफरचा हलणारा पडदा) आत गेला की आतली हवा दाबली जाते आणि ती कोनला परत ढकलते, म्हणजे डब्यातली हवा ही एक स्प्रिंगच. डबा जितका लहान तितकी ती स्प्रिंग कडक, आणि स्प्रिंग कडक झाली की रेझोनन्स, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला कोन आपोआप सगळ्यात जोरात हलायला बघतो ती, वर चढतो. रेझोनन्सच्या खाली बंद डब्याचा आवाज दर ऑक्टेव्हला, म्हणजे फ्रिक्वेन्सी अर्धी होईल तसतसा, १२ डेसिबलनं (डीबी) पडतो, त्यामुळं रेझोनन्स वर चढला म्हणजे बेस गेलाच समजा.

आकडे घेऊन बघू. समजा वूफरचा स्वतःचा रेझोनन्स ६० हर्ट्झ, व्हीएएस (कोनला धरणाऱ्या रबर-कापडाच्या सस्पेन्शनइतकीच स्प्रिंग देणारी हवा) ६ लिटर, क्यूटीएस (रेझोनन्सला वूफर किती घुमतो त्याचा आकडा) ०.४, आणि डबा २ लिटरचा. व्हीएएस भागिले डबा म्हणजे ३, त्यात १ मिळवला की ४, वर्गमूळ २, म्हणजे डब्यात बसवल्यावर रेझोनन्स थेट दुप्पट, १२० हर्ट्झ. क्यू, म्हणजे डब्यातला तोच घुमण्याचा आकडा, तोही दुप्पट, ०.८. वूफर तोच, पैसे तेच, पण ६० चा १२० झाला निव्वळ हवेच्या कडकपणामुळं.

आता हवेची स्प्रिंग म्हणजे काही वाईटच असं नाही बरं का. अमेरिकेत एडगर विलचुरनी १९५४ साली ॲकॉस्टिक रिसर्च कंपनी काढून एआर-१ बाजारात आणला तो ह्याच हवेच्या स्प्रिंगवर. सस्पेन्शन मुद्दाम एकदम ढिलं ठेवायचं आणि कोनला आधार हवेचा द्यायचा, कारण रबर कापडाच्या सस्पेन्शनपेक्षा हवा जास्त सरळ वागते. त्यांच्या डब्यातही काचेची लोकर भरलेली असायची. त्याच काळातले जोसेफ ॲन्टन हॉफमन, केएलएच कंपनीच्या नावातला एच, त्यांचा नियम आजही सगळे पाळतात: खोल बेस, छोटा डबा आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज ह्या तीनपैकी दोनच मिळतात. म्हणूनच मला हा कोळशाचा विषय एवढा महत्त्वाचा वाटतो, कारण इथं डबा बाहेरून तेवढाच राहतो आणि कोनला मात्र आतून मोठा भासतो.

रुई, लोकर, रेक्रॉन ह्या सगळ्या तंतूंचं काम एका गोष्टीवर चालतं, उष्णता. हवा पटकन दाबली की ती गरम होते आणि गरम झाल्यानं दाब अजून वाढतो. तंतू मध्ये असले की ती उष्णता ते शोषून घेतात, हवा सोडली की परत देतात, म्हणजे तापमान जवळपास स्थिर राहतं आणि स्प्रिंग जरा मऊ होते. न्यूटननी आवाजाचा वेग काढताना तापमान स्थिर धरलं होतं म्हणून त्यांचा आकडा कमी आला आणि पुढं लाप्लासनी ही उष्णतेची गोष्ट धरून तो दुरुस्त केला. २० अंशाला खरा वेग साधारण ३४३ मीटर, तापमान स्थिर धरलं तर २९० च्या आसपास. ह्या दोघांच्या वर्गांचं गुणोत्तर १.४, आणि तीच लोकरीची कमाल मर्यादा. म्हणजे कितीही चांगलं भरलं तरी २ लिटरचा डबा फार फार तर २.८ लिटरसारखा वागेल, रेझोनन्स १२० वरून १०६. प्रत्यक्षात १५–२० टक्के मिळाले तरी चांगलं, म्हणजे ११२ च्या आसपास. ह्याच्या पुढं लोकर जाऊच शकत नाही.

कार्बनचं गणित वेगळं आहे. ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅममध्ये सगळ्या भोकांचा आतला पृष्ठभाग मिळून १००० चौरस मीटरच्या घरात जातो. दाब वाढला की हवेतले नायट्रोजन ऑक्सिजनचे रेणू त्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात, दाब कमी झाला की सुटतात. चिकटलेला रेणू दाब देत नाही. म्हणजे कोन आत आला की काही हवा जणू डब्यातून नाहीशी होते आणि कोन बाहेर गेला की परत येते. म्हणूनच हा प्रकार १.४ ची मर्यादा ओलांडू शकतो. ब्रिटनच्या केईएफ कंपनीनं हेच एसीई नावानं आणलं होतं, त्यांच्या केएचटी ९००० एसीई ह्या होम थिएटर सेटमध्ये कार्बन होता.

मी नारळाच्या करवंटीचा दाणेदार कार्बन वापरला, जो पाण्याच्या फिल्टरला लागतो तोच. पातळ कापडाच्या पिशव्यांत भरून बंद डब्यात ठेवला आणि इम्पीडन्सचं (वूफरच्या विद्युत अडथळ्याचं) शिखर बघितलं, ते रेझोनन्सवरच येतं. कागदावर दुप्पट धरतात तेवढं मिळालं नाही, पण लोकरीच्या मर्यादेच्या पलीकडं शिखर नक्की गेलं. तुमचे अनुभव, शंका, विरोध सगळं लिहा.

अक्कलकोट_रोड

चांगलं लिहिलंय मालक. पण एक शंका आहे आणि ती महत्त्वाची आहे. शिखर खाली सरकलं म्हणजे डबा मोठा झाला असं लगेच कसं म्हणायचं? डब्याला कुठं गळती असली तरी इम्पीडन्सचा आलेख बदलतो, वूफर गरम असला तरी सस्पेन्शन ढिलं होऊन रेझोनन्स खाली येतो. आणि कार्बनच्या पिशवीनं नुसतं डॅम्पिंग (कंपन दाबणं) केलं असेल तर? ऐकून तर काहीच सांगता येत नाही, पिशवी टाकल्यावर माणूस बेस शोधायलाच बसतो.

पार्कचौक_ऑडिओ

अगदी बरोबर, म्हणूनच तीन मोजण्या एकाच बैठकीत घ्यायच्या, वूफर आधी थोडा वेळ वाजवून. पहिली रिकाम्या डब्याची, दुसरी कार्बनच्या पिशव्या टाकून, आणि तिसरी, जी लोक करत नाहीत, तेवढ्याच मापाच्या पिशव्यांत मत्स्यालयातली बारीक खडी भरून. खडीनं जागा व्यापली जाते त्यामुळं शिखर वर सरकायला पाहिजे. तेवढ्याच मापाच्या कार्बननं जर ते खाली सरकलं तर ते डॅम्पिंग नाही, ते खरोखर रेणू चिकटण्याचं काम. माझ्याकडं खडीनं वर गेलं आणि कार्बननं खाली आलं, ते बघूनच माझी खात्री पटली.

मोजायला महाग काही लागत नाही. लॅपटॉपचं साउंड कार्ड, १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर, जे फुकट मिळतं. मग हिशोब असा: डब्यातला रेझोनन्स भागिले मोकळ्या वूफरचा रेझोनन्स, त्याचा वर्ग, त्यातून १ वजा, आणि त्यानं व्हीएएसला भागायचं. येईल तो वूफरला भासणारा डबा. वरच्या उदाहरणात समजा शिखर १०० वर आलं, तर १०० भागिले ६० चा वर्ग २.७८, वजा १ म्हणजे १.७८, आणि ६ भागिले १.७८ म्हणजे साधारण ३.४ लिटर. डबा २ चा, वागतोय ३.४ सारखा. हे १.४ पटीच्या वर आहे म्हणजे नुसत्या लोकरीनं होणार नाही.

गळतीसाठी कोन हातानं हलकेच आत दाबून सोडायचा. डबा घट्ट असेल तर तो किंचित सावकाश परत येतो. टर्मिनल प्लेट आणि वायरचं भोक हीच गळतीची ठिकाणं असतात बहुतेक वेळा.

मोबाईल_डॉक्टर

मी नवी पेठेत फोन रिपेअरचं काम करतो. बऱ्याच महागड्या फोनचा स्पीकर बॉक्स फुटला की आतून बारीक पांढरे गोळे सांडतात, रव्यापेक्षा जरा मोठे. नवीन पोरं घाबरतात की काहीतरी फुटलं म्हणून आणि झाडून टाकून देतात. मग स्पीकर चालतो पण आवाज पातळ येतो, कस्टमर म्हणतो आधीसारखा नाही राहिला. ते हेच का?

पार्कचौक_ऑडिओ

हो दादा, तेच. ते झिओलाइटचे दाणे, बारीक भोकांचा पदार्थ, कार्बनसारखीच हवा धरणारा. फोनमध्ये स्पीकरच्या मागं जागाच एक घन सेंटीमीटरच्या आसपास असते, तिथं लोकर काय भरणार. एनएक्सपी कंपनीच्या स्पीकर विभागानं हे विकसित केलं आणि २०११ मध्ये तो विभाग नोल्स कंपनीनं घेतला, त्यांनी एनबास नावानं हे विकलं. ते गोळे टाकून देऊ नका, आणि गोळे सांडलेला बॉक्स नुसता चिकटवून देण्यापेक्षा पूर्ण बॉक्सच बदला. कारण दाणे एकदा मोकळे झाले की कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) फटीतही जातात.

यंत्रमाग_७८

झिओलाइट म्हणजे आपल्या काळ्या खडकात सापडतात तेच ना? विहीर खणताना नाहीतर खाणीत दगड फोडला की आत पोकळीत पांढरे गुलाबी स्फटिक निघतात, आमच्याकडं शोकेसमध्ये ठेवलेत दोन. ते कुटून भरले तर फुकटात काम होईल की.

केमिस्ट्री_मॅडम

धागा आवडीनं वाचते आहे. मी ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते, म्हणून ह्यावर जरा सविस्तर लिहिते.

हो, दख्खनच्या बेसाल्टमधले स्टिल्बाइट, ह्युलंडाइट हे झिओलाइटच, आणि महाराष्ट्रातले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण ते कुटून स्पीकरला उपयोग होणार नाही. कारण त्या खनिजांच्या पोकळ्या आधीच पाण्यानं भरलेल्या असतात. झिओलाइटच्या सांगाड्यात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम असतं. ॲल्युमिनियम जितकं जास्त तितका सांगाड्यावर ऋण प्रभार जास्त, तो सांभाळायला कॅल्शियम सोडियमचे आयन पोकळीत येऊन बसतात आणि ते पाण्याला ओढून घेतात. नैसर्गिक झिओलाइट ह्याच प्रकारचे. तापवून पाणी घालवलं तरी उघड्या हवेत ते परत पाणी पितात. स्पीकरसाठी जो बनवतात तो कृत्रिम असतो, त्यात ॲल्युमिनियम नाममात्र ठेवतात आणि जवळपास सगळं सिलिका, त्यामुळं तो पाण्याकडं फिरकत नाही आणि पोकळ्या नायट्रोजनसाठी मोकळ्या राहतात. तेव्हा यंत्रमाग दादा, तुमचे स्फटिक शोकेसमध्येच छान आहेत, कुटू नका.

दाब वाढला की चिकटतो आणि कमी झाला की सुटतो, हे ज्यांना पटायला अवघड जातंय त्यांच्यासाठी एक: करोनाच्या काळात घरोघरी जे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले होते त्यात झिओलाइटच असतो. दाबाखाली हवा सोडली की तो नायट्रोजन धरतो, ऑक्सिजन पुढं जातो. दाब सोडला की नायट्रोजन सुटतो आणि मशीन फुस्स करतं. तिथं हे काही सेकंदांच्या फेऱ्यांत होतं, स्पीकरमध्ये सेकंदाला पन्नास-शंभर वेळा.

हे भौतिक अधिशोषण (पृष्ठभागावर रेणू नुसते चिकटणं) आहे, रासायनिक बंध तयार होत नाही, फक्त व्हॅन डर वाल्स बल. म्हणूनच ते इतक्या पटकन उलटं होऊ शकतं. खोलीच्या तापमानाला नायट्रोजनचं द्रवीकरण शक्यच नाही, त्यामुळं वातावरणाच्या दाबाच्या आसपास जितका दाब वाढेल जवळपास त्याच प्रमाणात रेणू चिकटतात, रेघ सरळ राहते. ऑडिओवाल्यांच्या भाषेत म्हणजे त्यातून डिस्टॉर्शन (आवाज बिघडणं) यायचं कारण नाही. सगळं काम २ नॅनोमीटरपेक्षा लहान भोकांत चालतं, मोठी भोकं ही फक्त आत जायचा रस्ता. करवंटीच्या कार्बनमध्ये अशी बारीक भोकं भरपूर असतात, लाकडी कोळशाच्या कार्बनमध्ये मोठी जास्त. त्यामुळं पार्कचौक ह्यांनी करवंटीचा घेतला ते योग्यच.

आता काळजीची गोष्ट, ओलावा. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली की कार्बनच्या बारीक भोकांत पाणी झपाट्यानं भरायला लागतं आणि मग नायट्रोजनला जागा उरत नाही.

जुळे_सोलापूरकर

मग आपल्या सोलापूरला तर फायदाच हाय की, पुण्या-मुंबईसारखी दमट हवा नाय आपल्याकडं. मार्च ते मे तर नुसता कोरडा फुफाटा.

केमिस्ट्री_मॅडम

उन्हाळ्यात ओलावा कमी हे खरं. पण दुसरी बाजू बघा, तापमान वाढलं की अधिशोषण कमी होतं, कारण चिकटताना उष्णता बाहेर पडते. म्हणजे ४२–४३ अंशाला तो कार्बन डिसेंबरइतका काम करणार नाही. आणि आपला पाऊस कमी असला तरी सप्टेंबरात चांगला जोर धरतो, तेव्हा आर्द्रता चढतेच. सीलबंद डबासुद्धा पूर्ण बंद नसतो, कोनमधून, सराउंडमधून हवा हळूहळू आत-बाहेर करते. त्यामुळं हिवाळ्यात मोजलेला फायदा बारा महिने धरू नका. पावसाळ्यानंतर एकदा पिशव्या काढून कार्बन वाळवायचा.

जुळे_सोलापूरकर

वाळवायचा म्हणजे उन्हात ठेवला तर चालेल का मॅडम? गच्चीवर ऊन कडक असतं.

केमिस्ट्री_मॅडम

उन्हानं वरवरचं पाणी जातं, बारीक भोकातलं पूर्ण नाही. ओव्हन असेल तर स्टीलच्या ट्रेमध्ये पातळ पसरून ११०–१२० अंशाला दोन-तीन तास, खिडकी उघडी ठेवून. ह्याच्या वर तापमान नेऊ नका, तो शेवटी कोळसाच आहे. आणि फिल्टरमध्ये आधी वापरलेला कार्बन अजिबात तापवू नका, त्यात काय काय बसलंय सांगता येत नाही. गार झाला की लगेच हवाबंद बरणीत. मोकळ्या ताटात रात्रभर ठेवलात तर केलेलं काम वाया.

घोंगडीवाला

राम राम मंडळी. मी सांगोल्याकडचा. आमच्याकडं घोंगड्या विणायचं काम अजून चालतं, दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. कातरलेली लोकर पडून असते, भाव तर काहीच राहिला नाही. वर लोकरीचा उल्लेख आला म्हणून विचारतो, ही लोकर स्पीकरला चालते का? कुणी घेत असेल तर मेंढपाळाला चार पैसे मिळतील.

पार्कचौक_ऑडिओ

अण्णा तुमच्या प्रश्नानं खरंच बरं वाटलं. लोकर ही स्पीकरवाल्यांची जुनी आवडती. १९६५ साली ब्रिटनमध्ये ए. आर. बेली ह्यांनी ट्रान्समिशन लाइन (वूफरचा मागचा आवाज लांब वाटेनं नेणाऱ्या) स्पीकरवर लेख लिहिला त्यात लांब धाग्याची लोकरच भरली होती, आणि त्यानंतर कित्येक वर्षं लोक तीच शोधायचे. दख्खनी लोकर जाड आणि आखूड, विलायती लोकरीसारखी लांब नाही, पण जाड असल्यानं ती डब्यात दबून गोळा होत नाही, फुललेली राहते, ह्या कामाला हा गुणच. पिंजून घ्यायची, धुवून त्यातला चिकटपणा आणि काटे-कुसळ काढायचं, पूर्ण वाळवायची. एकच भीती कसर लागायची. कडुनिंबाचा पाला काही वर्षानुवर्षं पुरत नाही, त्यामुळं दर उन्हाळ्यात डबा उघडून बघावा लागेल.

आणि लोकरीची किंमत बेसपुरती बघू नका. २ लिटरच्या डब्याची आतली एखादी बाजू १५ सेंटीमीटर असली तर ११०० हर्ट्झच्या आसपास आत आवाज घुमतो, तो माणसाच्या बोलण्यात मध्येच येतो, निवेदन ऐकताना डब्यातून बोलल्यासारखं वाटतं. ते घुमणं मारायला लोकरच लागते, कार्बन तिथं फार कामाचा नाही. म्हणून माझं मत, अर्ध्या जागेत मागच्या भिंतीला कार्बनच्या पिशव्या आणि उरलेल्या जागेत सैल पिंजलेली लोकर. काचेची लोकर मी सांगणार नाही, ती फुप्फुसाला आणि हाताला त्रासच.

अक्कलकोट_रोड

तुमच्याच आकड्यांवर बसलो होतो काल. २ लिटर, ६० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४. रिकाम्या डब्यात रेझोनन्स १२०, क्यू ०.८. कार्बननं डबा दुप्पट म्हणजे ४ लिटर झाला असं धरलं तर रेझोनन्स ९५, क्यू ०.६३. पण आवाज ३ डीबी पडायचा बिंदू काढला तर दोन्हीकडं १०७–१०८ हर्ट्झच येतो! म्हणजे रेझोनन्स २५ हर्ट्झनं खाली आला तरी त्या बिंदूत काही फरक नाही. मग फायदा कुठं झाला?

पार्कचौक_ऑडिओ

हा ह्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, सगळ्यांनी नीट वाचा. रेझोनन्स खाली येतो तसा क्यूही उतरतो, आणि क्यू उतरला की उतार आधीपासून सुरू होतो, त्यामुळं ३ डीबीचा बिंदू जागेवर राहतो. पण त्याच्या खालचं बघा. ६० हर्ट्झला रिकामा डबा ११.८ डीबीनं खाली, कार्बनचा ९.३ नं. म्हणजे अडीच डीबीची कमाई. ४० ला साडेतीनच्या जवळ. तबल्याच्या डग्ग्याचा, पखवाजाचा जो भरीवपणा आहे तो ह्याच भागात, तिथं अडीच-तीन डीबी ऐकू येतात.

पण खरी गंमत क्यूटीएस जास्त असलेल्या वूफरला आहे, आणि आपल्या बाजारातले स्वस्त वूफर, छोट्या चुंबकाचे, ते बहुतेक असेच असतात. तोच हिशोब क्यूटीएस ०.५५ धरून करा. रिकाम्या डब्यात क्यू १.१, म्हणजे वर पावणेदोन डीबीचा फुगवटा, तो एकसुरी बुम बुम आवाज ज्याला लोक बेस समजतात. डबा दुप्पट भासला की क्यू ०.८७, फुगवटा अर्धा डीबी, आणि ३ डीबीचा बिंदू ९१ वरून ८० हर्ट्झवर. म्हणजे बेस खोलही गेला आणि सुटसुटीतही झाला. मोठ्या चुंबकाच्या महागड्या वूफरला कार्बनचा फायदा कमी आणि साध्या वूफरला जास्त, हे मी ठामपणे सांगतो.

अक्कलकोट_रोड

पटलं. आता शेवटचा विरोध. डीएसपी (आवाज गणितानं बदलणारे) बोर्ड आता स्वस्त झालेत, सॉफ्टवेअरनं ६० हर्ट्झला अडीच डीबी वाढवून टाकायचे, कशाला पिशव्या शिवत बसायच्या?

पार्कचौक_ऑडिओ

डीएसपीनं होतं, नाही असं नाही, मीही वापरतो. पण अडीच डीबी म्हणजे त्या भागात पावणेदोन पटीपेक्षा जास्त वॅट. घरातल्या स्पीकरला चालून जाईल, बॅटरीवरच्या ब्लूटूथ स्पीकरला ती वाढीव वॅट बॅटरीतून जातात आणि कॉइलमध्ये उष्णता होऊन बसतात. मऊ स्प्रिंगमुळं तोच आवाज कमी करंटमध्ये निघतो. मात्र कोनची हालचाल दोन्हीकडं तेवढीच होणार हे लक्षात ठेवा, ६० हर्ट्झचा तेवढा आवाज काढायला कोनला तेवढी हवा ढकलावीच लागते. म्हणून ज्याचा कोन जेमतेम दोन मिलिमीटर हलतो त्या वूफरला कार्बन घाला नाहीतर डीएसपी लावा, मोठ्या आवाजात तो फाटणारच. तिथं हॉफमन आडवे येतात.

जुळे_सोलापूरकर

माझ्याकडं तयार टॉवर स्पीकर हाय, मागं पोर्टचं भोक हाय. त्यात पिशवी टाकू का?

पार्कचौक_ऑडिओ

नको भावा. पोर्टवाल्या डब्यात पोर्टमधली हवा आणि आतली स्प्रिंग ह्यांचा मेळ एका फ्रिक्वेन्सीला जुळवलेला असतो. कार्बन घातला की तो मेळ खाली सरकतो आणि कार्बनच्या घर्षणानं पोर्टचा जोरही कमी होतो. कंपन्या सगळं त्या हिशोबानं नव्यानं जुळवून करू शकतात, घरी तयार स्पीकरमध्ये करू नका. वर पोर्टमधून बाहेरची ओली हवा सतत आत येणार, म्हणजे मॅडमनी सांगितलेलं पाणी भरायचं काम जोरात चालणार. बंद डब्यातच करा.

यंत्रमाग_७८

सिलिका जेलच्या पुड्या चालतील का मग? बुटाच्या डब्यात येतात त्या. माझ्याकडं साठल्यात.

केमिस्ट्री_मॅडम

सिलिका जेल पाणी छान धरतं, नायट्रोजन फारसा धरत नाही. बेससाठी उपयोग नाही. कार्बनची बरणी कोरडी ठेवायला बरणीत टाका.

यंत्रमाग_७८

बरं. पिशवीचं कापड कुठलं घ्यायचं ते तरी सांगा, ते माझं क्षेत्र आहे. आमच्याकडं टॉवेलचं टेरी आहे, चादरीचं जाड कापड आहे, आणि शेजारी मलमल मिळतं.

पार्कचौक_ऑडिओ

टेरी आणि चादरीचं कापड ह्या कामाला जाड, हवेला अडवतं. दाबाची लाट आत दाण्यापर्यंत विनाअडथळा पोचायला पाहिजे. मलमल चांगलं, पण विण इतकी दाट हवी की कार्बनची भुकटी बाहेर येऊ नये. भुकटी कॉइलच्या फटीत गेली की खर्र खर्र आवाज सुरू, आणि कार्बनमधून वीज वाहते हे विसरू नका, टर्मिनलवर किंवा क्रॉसओव्हरवर (फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या सर्किटवर) पसरली तर शॉर्टची भीती. म्हणून दाणे आधी चाळणीनं चाळून भुकटी काढून टाकायची. भुकटी उडते, तोंडाला रुमाल बांधा आणि हे काम अंगणात करा, घरात नको.

भुकटीचा कार्बन भरायचा मोह होतो कारण वाटतं जितका बारीक तितका चांगला. तसं नाही. भुकटी घट्ट बसते, आतल्या दाण्यांपर्यंत हवा पोचेपर्यंत कोन परत फिरलेला असतो, मग वरचा थर काम करतो आणि बाकीचं नुसतं वजन. दाणे मोहरीएवढे असावेत. पिशव्याही एक मोठी करण्यापेक्षा चपट्या, बोटभर जाडीच्या चार-पाच करा, मध्ये मोकळी जागा सोडून, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागेल.

यंत्रमाग_७८

मग मलमलचे दोन पदर घेऊन उभ्या-आडव्या शिलाया मारतो, गोधडीला मारतात तशा, म्हणजे दाणे एका कोपऱ्यात गोळा होणार नाहीत. पदर दोन असले तर भुकटी अडेल, हवा जाईल. कुणाला पाहिजे असतील तर माप सांगा, कापडाचे तुकडे पडून आहेत, शिवून ठेवतो.

पार्कचौक_ऑडिओ

हे तर उत्तमच झालं मालक. २ लिटरच्या डब्यासाठी एक लिटरच्या आसपास कार्बन, म्हणजे अर्धा किलोच्या जवळ. पिशव्या साधारण १२ बाय १० सेंटीमीटर करा, वर एक पट्टी सोडा म्हणजे ती डब्याच्या भिंतीला स्टेपल करता येईल. वूफरच्या चुंबकापासून दोन बोटं तरी लांब, चुंबकाच्या मागं भोक असेल तर त्याच्या समोर पिशवी अजिबात नको.

घोंगडीवाला

मी लोकर धुवून पिंजून पाठवतो, एसटीनं सोलापूर स्टँडला देता येईल. किती लागेल डब्याला?

पार्कचौक_ऑडिओ

अण्णा, उरलेल्या एक लिटर जागेला दहा-पंधरा ग्रॅम पुरे, दाबून भरायची नाही. अर्धा किलो पाठवलीत तर इथल्या सगळ्यांचे डबे होतील, आणि पैसे आम्ही देणार, फुकट घेणार नाही. अक्कलकोट रोड, तुम्ही तुमच्या वूफरचे रिकाम्या डब्याचे, खडीचे आणि कार्बनचे आलेख इथं टाका, क्यूटीएस लिहायला विसरू नका. सप्टेंबर संपला की तीच मोजणी परत करू, म्हणजे पाण्यानं किती गेलं तेही कळेल.